जांभ्याच्या भिंतीआड अडखळणारा व्हिडिओ: कोकणातील घरांत वायरलेस जोडणी सुधारण्याविषयी

खालाटीकर (धागाकर्ता)

नमस्कार. आमचे घर गुहागर तालुक्यात, सड्यावरून खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर आहे. जुने चिरेबंदी घर आहे. पुढे ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि पडवी, जांभ्याच्या जाड भिंती आणि वर मंगलोरी कौले. गेल्या वर्षी वाडीत फायबर आले आणि ओटीवर राउटर बसला. जोडणी सेकंदाला १०० मेगाबिटांची आहे (पुढे वेगाचे सर्व आकडे असेच दर सेकंदाचे). तरीही आई माजघरातील टीव्हीवर दुपारी कीर्तन लावते तेव्हा दर थोड्या वेळाने चित्र थांबते, पडद्यावर चक्र फिरत राहते आणि पुन्हा सुरू झाले की बुवांचा चेहराही ओळखू येऊ नये इतके धूसर दिसते.

तक्रार केल्यावर पुरवठादाराकडून अधिक वेगाची योजना घेण्याचा सल्ला मिळाला. पैसे भरण्यापूर्वी मी आठ दिवस मोजमाप केले. लॅपटॉप राउटरला वायरीने जोडला की ९४ मेगाबिट मिळतात. पोर्ट १०० मेगाबिटांचे असेल तर प्रत्यक्षात एवढेच हाती लागतात, कारण उरलेला वाटा प्रत्येक पॅकेटच्या (माहितीच्या छोट्या पुडक्याच्या) शीर्षकांत आणि दोन पॅकेटांमधील अंतरात जातो. म्हणजे फायबरमध्ये दोष नाही. ओटीवर वायफायने ६० ते ७० मिळतात, माजघराच्या दारात २०. टीव्हीचा कोपरा मात्र दोन भिंतींच्या आड येतो आणि तेथे आकडा २ ते १४ यांच्या दरम्यान सतत हलत असतो. सिग्नलची ताकद ओटीवर उणे ४५ डीबीएम आणि टीव्हीपाशी उणे ७८ आहे (डीबीएम हे शक्तीचे माप; उण्याचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण). दर ३ डेसिबलला शक्ती निम्मी होते हे लक्षात घेतले, तर ३३ डेसिबलचा हा फरक म्हणजे ओटीवरच्या शक्तीचा जवळजवळ दोन हजारावा भाग टीव्हीपर्यंत पोहोचतो.

मला पडलेला प्रश्न असा की, १०८० दर्जाच्या चित्रासाठी नेटफ्लिक्स ५ मेगाबिटांचा वेग सुचवते आणि आमच्या टीव्हीला सरासरी ७ ते ८ मिळतात, मग व्हिडिओ अडखळतो का? मृगाच्या सरी सुरू झाल्यापासून आकडे आणखी ५-६ डेसिबलने खाली आले आहेत, हीदेखील नोंद करतो. कोणता उपाय आधी करावा, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

सड्यावरचा

माझ्याकडे हीच अडचण होती. माजघरात रिपीटर (राउटरचा सिग्नल झेलून पुढे पाठवणारे यंत्र) लावला आणि सगळीकडे सिग्नलच्या पूर्ण कांड्या दिसू लागल्या. आपणही तेच करावे. पावसात वायफाय मंदावणे स्वाभाविक आहे. आमची टीव्हीची डिशसुद्धा मोठ्या सरीत बंद पडते.

समुद्रपक्षी

खालाटीकर, आपण मोजमाप केल्यामुळे बोलणे सोपे झाले आहे. मी नेटवर्कच्या कामात बरीच वर्षे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सरासरी पुरेशी असून चित्र का थांबते, याचे उत्तर व्हिडिओ कसा येतो त्यात आहे. आजचा बहुतेक सर्व व्हिडिओ अखंड प्रवाहाने येत नाही. सर्व्हरवर तो काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून ठेवलेला असतो आणि प्रत्येक तुकडा निरनिराळ्या दर्जांत उपलब्ध असतो. अशा तुकड्यांनी व्हिडिओ पाठवण्याची एचएलएस ही पद्धत ॲपलने २००९ मध्ये आणली, २०१२ मध्ये डॅश हे आंतरराष्ट्रीय मानक झाले. दोन्हींचे तत्त्व हेच आहे. आपल्या टीव्हीतील प्लेअर एकेक तुकडा मागवतो, तो किती वेळात आला ते पाहतो आणि त्यावरून पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागवायचा ते ठरवतो. आलेले तुकडे बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, जमा होतात. पागोळ्यांचे पाणी पिंपात भरत असताना आपण खालच्या तोटीतून काढत राहावे, तसा हा व्यवहार आहे. पिंपात पाणी आहे तोवर पागोळी मध्येच थांबली तरी तोटी चालू राहते.

आता आपल्या कोपऱ्यात काय घडते ते पाहा. वीस सेकंद १४ मेगाबिट मिळतात, प्लेअरला वाटते की जोडणी चांगली आहे, म्हणून तो वरच्या दर्जाचा, आकाराने मोठा तुकडा मागवतो. तो अर्धा उतरतो न उतरतो तोच वेग २ वर येतो. समजा सहा सेकंदांचा तुकडा ५ मेगाबिट दर्जाचा आहे. त्यात ३० मेगाबिट माहिती असते आणि २ च्या वेगाने ती यायला १५ सेकंद लागतात. तेवढ्यात पिंप रिकामे होते, चक्र फिरते, आणि घाबरलेला प्लेअर सर्वांत खालचा दर्जा निवडतो. आईंना दिसणारा धूसर चेहरा तो हाच. अशा जोडणीत सरासरीपेक्षा किमान वेग किती आणि तो किती वेळ टिकतो, हे पाहणे अधिक उपयोगाचे असते. सतत ६ मेगाबिट देणारी जोडणी २ ते १४ मध्ये झुलणाऱ्या जोडणीपेक्षा कितीतरी चांगले चित्र दाखवते.

वायरलेसमध्ये हे अधिक तीव्र का होते, यालाही कारण आहे. इंटरनेटवरील वाहतूक नियंत्रणाच्या जुन्या पद्धती पॅकेट हरवले की पुढे गर्दी आहे असे समजून वेग कमी करतात. वायरीच्या जाळ्यात हे अनुमान बहुधा बरोबर असते, पण हवेत पॅकेट भिंतीमुळेही हरवते. वायफाय हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवून नुकसान झाकते, तरी त्या पुन्हा पाठवण्यात वेळ जातो आणि तेवढी हवा अडून राहते. गूगलने २०१६ मध्ये आणलेली बीबीआर ही पद्धत केवळ हरवलेल्या पॅकेटांवर विसंबत नाही. पण ती वापरायची की नाही, हे सर्व्हरवाले ठरवतात. आपल्या हाती फक्त शेवटचा टप्पा आहे.

सड्यावरचा यांनी लिहिलेल्या दोन गोष्टींविषयी. पावसाच्या थेंबांमुळे घरातील वायफाय मंदावत नाही, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना इतक्या कमी अंतरात पावसाने पडणारा फरक नगण्य असतो. डिशची गोष्ट निराळी, कारण ती १० गिगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात चालते आणि तेथे पाऊस मोठा अडथळा ठरतो. आपल्याकडे ओली होते ती भिंत. जांभा सच्छिद्र आहे, चार महिने पाणी पिऊन राहतो आणि पाणी या लहरी शोषून घेते. खालाटीकरांच्या आकड्यांतली ५-६ डेसिबलची घट त्यामुळेच असावी. बाहेरून भिंतीला गिलावा किंवा पत्र्याची झडप असेल तर फरक कमी पडतो.

रिपीटरच्या कांड्या फसव्या असतात. कांड्या दिसतात त्या टीव्ही ते रिपीटर या अंतराच्या. रिपीटर ते राउटर हे अंतर त्यात दिसत नाही. शिवाय एकाच रेडिओचा रिपीटर तेच पॅकेट आधी ऐकतो आणि मग त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, म्हणजे एका पॅकेटला दुप्पट हवा लागते आणि वेग साधारण निम्मा होतो.

सड्यावरचा

समुद्रपक्षी, आपले म्हणणे पटले. आज मोजून पाहिले. पूर्ण कांड्या असतानाही रिपीटरपाशी ११ मेगाबिटच मिळतात. माझ्याकडे टीव्ही लहान आहे, म्हणून मला त्रास जाणवला नसावा. मग उपाय काय?

समुद्रपक्षी

हवेतला प्रवास जितका कमी करता येईल तितका करावा. माझ्या मते पहिला पैसा वायरीवर खर्च करावा. ओटीपासून माजघरापर्यंत शुद्ध तांब्याची कॅट ६ केबल ओढून टीव्ही थेट जोडावा. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, ती घेऊ नये. १०० मीटरपर्यंत अशी केबल बिनतक्रार चालते, आणि कोकणातले घर कितीही ऐसपैस असले तरी एवढ्या लांबीत बसते. त्याच केबलच्या टोकाला दुसरा ॲक्सेस पॉइंट (केबलने येणारी जोडणी वायफायने पसरवणारे यंत्र) लावला की माजघर आणि पडवी दोन्हींकडे चांगला सिग्नल मिळतो.

केबल शक्य नसेल तर राउटर तरी ओटीच्या कोपऱ्यातून हलवून दारांच्या रेषेत आणावा. जुन्या घरांत ओटी, माजघर आणि मागील दार बहुधा एका ओळीत असतात. दगडापेक्षा उघड्या दारातून लहरी सहज जातात. राउटर लोखंडी कपाटावर किंवा फ्रिजशेजारी ठेवू नये.

आणखी एक बाब, जी फार कमी लोक तपासतात. पडवीत किंवा गोठ्यात एखादा जुना फोन अगदी क्षीण सिग्नलवर जोडलेला असेल, तर तो सगळ्यांनाच मागे खेचतो. १५०० बाइटचे एक पॅकेट ५४ मेगाबिटांच्या दराने हवेत सुमारे ०.२ मिलिसेकंद घेते. तेच १ मेगाबिटाच्या दराने १२ मिलिसेकंद घेते, आणि तेवढा वेळ बाकीच्या सर्वांना गप्प बसावे लागते. राउटरमध्ये सोय असेल तर सर्वांत जुने, मंद दर बंद करावेत. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी आणि १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळे चॅनेल निवडावे, कारण हे तीन एकमेकांवर येत नाहीत. वाड्यांत शेजारची घरे दूर असल्याने शहरातली गर्दी आपल्याला भोवत नाही, हा आपला मोठा फायदा आहे.

मुक्काम गिरगाव

धागा वाचून माझी शंका विचारतो. आमचे घर राजापूरकडे आहे. एरवी चुलत्यांच्या घरी फायबरवर व्हिडिओ उत्तम चालतो, वायरीने जोडलेल्या टीव्हीवरसुद्धा. गणपतीत मात्र आम्ही सगळे चाकरमानी पोहोचलो की पहिल्याच रात्री सर्व काही ठप्प होते. वीस जण एकाच वेळी व्हिडिओ पाहत नसतात, तरीही असे का व्हावे? दुसरे असे की, ज्यांना यंदा रजा मिळाली नाही त्यांच्यासाठी आम्ही फोनवरून आरती थेट दाखवतो. तिकडे चित्र तुटते आणि आवाज मागे-पुढे होतो. मोठ्या काकींना आता प्रवास झेपत नाही, त्या मुंबईतल्या घरात हात जोडून पडद्यासमोर बसतात. त्यांच्यासाठी तरी हे नीट व्हावे अशी फार इच्छा आहे.

समुद्रपक्षी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा फोटोंत आहे. प्रवासात आणि मखर सजवताना काढलेले फोटो-व्हिडिओ प्रत्येकाचा फोन वायफाय मिळताच आपोआप वर चढवू लागतो. वर जाणारी वाट भरते, राउटरमध्ये पॅकेटांची लांब रांग लागते आणि व्हिडिओच्या तुकड्यांची मागणी व पोच देणारी छोटी पॅकेटेही त्या रांगेच्या शेवटी उभी राहतात. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या दोषाला बफरब्लोट असे नाव दिले. गंमत म्हणून नव्हे, खात्रीसाठी एक प्रयोग करावा: रिकाम्या जोडणीवर पिंग (पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ) पाहावा, मग एक मोठी फाइल वर चढवताना पुन्हा पाहावा. २० मिलिसेकंदांचे ५०० किंवा त्याहून अधिक झाले, तर निदान पक्के.

त्यावर औषधही आहे. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही रीत मांडली. रांगेत पॅकेट किती वेळ ताटकळले ते ती पाहते आणि ताटकळणे ५ मिलिसेकंदांच्या वर बराच वेळ टिकले तर काही पॅकेटे टाकून पाठवणाऱ्याला सावध करते. तिच्यावर आधारलेली एफक्यू-कोडेल प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देते, त्यामुळे फोटोंच्या ओझ्याखाली व्हिडिओची मागणी दडपत नाही. ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली चालणाऱ्या राउटरमध्ये ही सोय मिळते. मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास मर्यादा घालावी, म्हणजे रांग पुरवठादाराच्या यंत्रात न लागता आपल्या ताब्यातल्या राउटरमध्ये लागते. हे जमत नसेल तर गणपतीचे पाच दिवस सर्वांना फोटोंची आपोआप प्रत घेणे रात्री झोपताना सुरू करायला सांगावे. एवढ्यानेही बराच फरक पडतो.

आरतीविषयी. थेट दाखवताना आपली सर्व मदार वर जाणाऱ्या वेगावर असते. मोबाइलवरून पाठवत असाल तर हे लक्षात घ्यावे की टॉवर दहा-वीस वॉट किंवा त्याहून अधिक शक्तीने बोलतो आणि फोन जेमतेम ०.२ वॉटने; त्यामुळे टॉवरचे बोलणे फोनला स्वच्छ ऐकू आले तरी फोनचे बोलणे टॉवरला तसे ऐकू जातेच असे नाही. शिवाय त्या दिवसांत गावची लोकसंख्या कितीतरी पटींनी वाढलेली असते आणि टॉवर तेवढाच असतो. म्हणून घरच्या फायबरवरूनच पाठवावे, फोन राउटरच्या खोलीत ठेवावा आणि आरतीच्या वेळी इतर फोन वायफायवरून काढावेत. वर जाणारा वेग पाच-सहा वेळा मोजून त्यातला सर्वांत कमी आकडा घ्यावा आणि चित्राचा बिटरेट (चित्राला दर सेकंदाला लागणारे बिट) त्याच्या निम्म्यावर ठेवावा. ३ मेगाबिट खात्रीचे असतील तर १.५ मेगाबिटांचे ४८० दर्जाचे चित्र पाठवावे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत देशातील प्रमुख व्हिडिओ सेवांनी मोबाइल जाळ्यावर ४८० हीच वरची मर्यादा काही काळ पाळली होती, आणि लहान पडद्यावर त्यात काही बिघडले नव्हते. फोन तिकाटण्यावर घट्ट बसवावा. हलत्या हातातले चित्र दर क्षणी बदलते आणि तेवढेच बिट अधिक मागते. समईच्या उजेडावर भागवू नये, समोरून एक दिवा द्यावा, कारण अंधारात चित्रावर उठणारे कण कॅमेऱ्याला हालचालीसारखे दिसतात.

काकींना आरती पंधरा-वीस सेकंद किंवा अधिक उशिरा दिसेल. एचएलएसचा प्लेअर थेट प्रक्षेपणात एरवी तीन तुकडे मागे राहतो. तोच त्यांच्या प्लेअरचा साठा आहे. मध्ये फोन करून "दिसते का?" असे विचारताना हे ध्यानात ठेवावे.

खाडीपलीकडे

आमची अडचण वेगळी आहे. खाडीच्या अलीकडे फायबर आहे, पलीकडच्या आमच्या वाडीत नाही. भावाच्या घरावरून ५ गिगाहर्ट्झची दोन डिश लावून सुमारे एक किलोमीटर जोडणी आणली आहे. मध्ये फक्त पाणी, झाड एकही नाही. सकाळी ८० मेगाबिट, दुपारी १०, संध्याकाळी पुन्हा ८०. वेळा रोज थोड्या पुढे सरकतात. यंत्रे बदलली, केबल बदलली. वेळा सरकतात त्या भरती-ओहोटीबरोबर, असे पत्नीच्या लक्षात आले. हे शक्य आहे का?

समुद्रपक्षी

वहिनींचे निरीक्षण अचूक आहे आणि त्यामागचे गणित सुंदर आहे. एक लहर सरळ येते, दुसरी पाण्यावरून परावर्तित होऊन येते. दोघींच्या वाटेत पडणारा फरक साधारण दोन्ही डिशच्या पाण्यापासूनच्या उंचींचा गुणाकार दुप्पट करून अंतराने भागला की मिळतो. दोन्ही डिश ओहोटीच्या पाण्यापासून १० मीटर उंच धरू. फरक २० सेंटिमीटर येतो. भरतीने पाणी अडीच मीटर चढले की उंची साडेसात उरते आणि फरक ११ सेंटिमीटरच्या आसपास येतो. ५.८ गिगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ५.२ सेंटिमीटर आहे, म्हणजे एका भरतीत हा फरक दीड तरंगलांबीहून अधिक बदलतो. मधल्या काही पातळ्यांवर दोन्ही लहरी एकमेकींना खोडतात आणि तेव्हा आपला वेग कोसळतो. शांत, सपाट पाण्यावर हे अधिक जाणवते.

एका बाजूची डिश खाली-वर करून पाहावी. शक्य असल्यास एक टोक असे हलवावे की परावर्तनाची जागा उघड्या पाण्याऐवजी कांदळवनात किंवा बांधावर येईल. खडबडीत आणि झाडीच्या जागेवरून लहर विखुरते. मोठ्या डिशचा झोत अरुंद असतो, ती किंचित वर रोखली तरी पाण्याकडे जाणारा भाग कमी होतो. चॅनेलची रुंदी ८० वरून ४० किंवा २० मेगाहर्ट्झवर आणावी. रुंदी निम्मी केली की आत येणारा गोंगाटही निम्मा होतो. कमाल वेग कमी होईल, पण दुपारचा १० चा आकडा वर येईल, आणि व्हिडिओला तोच हवा आहे.

आगरातून

आमच्या खालाटीत फायबर नाही, डिश लावायला समोर घरही नाही. टॉवर सड्याच्या माथ्यावर आणि आम्ही डोंगराच्या पोटाशी. घरात ४जीची एखादी कांडी येते. आमच्यासाठी काही आहे का?

खालाटीकर (धागाकर्ता)

याचे उत्तर मी देतो, कारण फायबर येण्यापूर्वी तीन वर्षे आम्ही असेच दिवस काढले. सिम घालून चालणारा राउटर घ्यावा, ज्याला बाहेरची अँटेना जोडता येते. फोनमध्ये सिग्नलचा आरएसआरपी आकडा (टॉवरच्या सिग्नलची ताकद, डीबीएममध्ये) दाखवणारे ॲप घेऊन घराभोवती, माळ्यावर, विहिरीपाशी, जेथे जेथे वीज नेता येईल तेथे फिरावे. आमच्याकडे ओटीवर उणे ११५ आणि माळ्यावर कौलांखाली उणे १०२ असा फरक मिळाला होता. टॉवर दिसत नसला तरी डोंगराच्या कडेवरून लहरी थोड्या वाकून खाली येतात, आणि ७०० ते ९०० मेगाहर्ट्झचे पट्टे यात वरच्या पट्ट्यांपेक्षा सरस असतात. म्हणून राउटर पट्टा निवडू देत असेल तर खालचा पट्टा धरून पाहावा. ५जी आणि ४जी यांच्यात सतत उड्या मारणारी जोडणी व्हिडिओला सर्वांत वाईट. एकावर स्थिर करावी. अँटेनाची वायर शक्य तितकी आखूड असावी, कारण लांब वायरीत मिळवलेले डेसिबल परत जातात.

प्लेअरमध्ये दर्जा स्वतः ४८० वर बांधून ठेवावा. १.५ मेगाबिटांच्या चित्राला तासाला पाऊण जीबीहून कमी डेटा लागतो, ५ मेगाबिटांच्या चित्राला सव्वादोन. नवा फोन किंवा टीव्ही घेताना तो एव्ही१ (व्हिडिओ दाबून लहान करण्याची नवी पद्धत) उलगडू शकतो का, हे विचारावे. २००३ च्या एच.२६४ या जुन्या पद्धतीच्या मानाने नव्या पद्धती तेच चित्र बऱ्याच कमी बिटांत आणतात, आणि अशक्त सिग्नलवर ही बचत थेट डोळ्यांना दिसते.

आता माझ्याकडचा निकाल. गेल्या रविवारी ओटी ते माजघर २२ मीटर केबल ओढली, टीव्ही तिला जोडला आणि शेजारी एक ॲक्सेस पॉइंट लावला. टीव्हीला आता दिवसभर ९० च्या वर वेग मिळतो. गोठ्यातला जुना फोन वायफायवरून काढला. योजना तीच १०० ची ठेवली आहे. सहा दिवसांत चक्र एकदाही फिरले नाही.

सड्यावरचा

अभिनंदन. केबल भिंतीतून कशी नेलीत? आमच्याकडे चिरा फोडायला वडील तयार नाहीत, आणि माळ्यावरून न्यावी तर उंदीर आहेत.

खालाटीकर (धागाकर्ता)

चिरा फोडला नाही. दाराच्या चौकटीवर, भिंत आणि तुळई यांच्यामध्ये बोटभर फट होती, तिच्यातून केबल आत घेतली. माळ्यावरचा सगळा भाग जाड पीव्हीसी पाइपातून नेला आणि दोन्ही टोके बंद केली, त्यामुळे उंदरांची भीती नाही. आपल्याकडे पडवी किंवा गोठा वेगळ्या इमारतीत असेल आणि केबल उघड्यावरून न्यायची असेल तर तांबे वापरू नका, फायबरच ओढा. जवळ वीज पडली तर तांब्याच्या तारेतून ती दोन्हीकडची यंत्रे घेऊन जाते. बाहेरच्या प्रत्येक जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळा आणि वायर आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तेथेच ठिबकेल. खाऱ्या वाऱ्याने आमच्या जुन्या अँटेनाचा जोड दीड वर्षात हिरवा पडला होता.

राउटर आणि ॲक्सेस पॉइंट दोन्ही १२ व्होल्टच्या छोट्या बॅकअपवर ठेवले आहेत. टीव्ही इन्व्हर्टरवर आहेच. काल संध्याकाळी वीज गेली, आणि कीर्तन चालूच होते.